हिशेबाच्या शंका: दोन शीट, एक कोड

मार्च जवळ आला की यार्डातल्या दुकानांना, सोसायट्यांना आणि डेअऱ्यांना एकदमच हिशेब आठवतो. या वेळी आलेली पत्रं बहुतेक एकाच दुखण्याची आहेत. एक्सेलच्या एका शीटमधला कोड दुसऱ्या शीटमध्ये शोधायचा, त्याच्यासमोरची माहिती उचलून आणायची, आणि ती नीट येत नाही. म्हणून हा अंक त्यालाच दिला.

एक सूचना आधी. सूत्रं इथे देवनागरीत छापली आहेत. शीटमध्ये टाइप करताना नावं, अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे. असं शोधून आणणारं नेहमीचं सूत्र म्हणजे व्हीलुकअप. त्याचं स्पेलिंग व्ही, एल, डबल ओ, के, यू, पी. मध्ये जागा सोडायची नाही.

प्रश्न: मी बेदाण्याच्या अडत दुकानात कॉम्प्युटरवर असते. सौद्याच्या शीटमध्ये शेतकऱ्याचा कोड, बॉक्स आणि दर असतो. नाव, गाव आणि बँक खातं दुसऱ्या शीटमध्ये आहे. सूत्र लावलं की काही जणांची नावं येतात आणि काहींसमोर #एन/ए. कोड तर दोन्हीकडे डोळ्यांना दिसतो! मालक म्हणतात मशीन बिघडलंय. काय करू?
(तासगाव)

उत्तर: ताई, मशीन ठणठणीत आहे, मालकांना निश्चिंत राहू द्या. तुम्ही पाठवलेलं सूत्र असं आहे:

=व्हीलुकअप(बी२, शेतकरी!ए२:डी६५०, २, ०)

यात चार गोष्टी आहेत. काय शोधायचं, कुठे शोधायचं, सापडल्यावर त्या तक्त्यातल्या कितव्या कॉलममधलं उत्तर द्यायचं, आणि शेवटचं शून्य म्हणजे तंतोतंत जुळलं तरच दे. शून्य तुम्ही घातलंय, ते उत्तम. डॉलर मात्र घातले नाहीत. हे सूत्र तुम्ही खाली ओढलं की ए२:डी६५० सुद्धा एकेक ओळ खाली सरकतं. शंभराव्या ओळीपर्यंत पोचता तोवर शेतकऱ्यांच्या यादीतली सुरुवातीची अठ्ठ्याण्णव नावं तक्त्याबाहेर गेलेली असतात. तुमचे #एन/ए (म्हणजे ‘सापडलं नाही’) शीटच्या खालच्या भागात जास्त आहेत का, ते आधी पाहा. तसं असेल तर पत्ता हा:

=व्हीलुकअप(बी२, शेतकरी!$ए$२:$डी$६५०, २, ०)

तक्त्याचा पत्ता निवडलेला असताना एफ-४ चं बटण दाबलं की डॉलर आपोआप लागतात.

डॉलर लावूनही काही #एन/ए उरतील असं मला वाटतं, कारण तुम्ही लिहिलंय की शेतकऱ्यांची यादी जुन्या सॉफ्टवेअरमधून काढून घेतली. अशा यादीत कोड बहुधा आकडा म्हणून येत नाही, मजकूर म्हणून येतो. आपल्याला दोन्हीकडे १०४५ दिसतं. एक्सेलला मात्र एक हिशेब करता येण्याजोगा आकडा आणि एक चार अक्षरांचा शब्द दिसतो, आणि त्याच्या लेखी ते दोन कधीच सारखे नाहीत. ओळखायचं कसं? आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या कडेला (कुणी मधोमध आणून ठेवला नसेल तर). मजकूर झालेल्या आकड्याच्या सेलला कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो. खात्री हवी तर बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये =इझनंबर(ए२) लिहा. ट्रू आलं तर आकडा, फॉल्स आलं तर मजकूर.

दुरुस्ती सोपी आहे. कोडचा पूर्ण कॉलम निवडा, डेटा टॅबमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि काहीही न निवडता थेट ‘फिनिश’ दाबा. सगळे आकडे होतात. पण तुमचे कोड ००४२ असे शून्याने सुरू होत असतील तर हे करू नका, पुढची शून्यं उडून जातील. मग उलट दिशेने जायचं: सौद्याच्या शीटमधल्या आकड्याला सूत्रातच मजकूर बनवायचं. बी२ च्या जागी टेक्स्ट(बी२,"००००") लिहिलं की ४२ चं ००४२ होतं आणि जुळतं.

तिसरं कारण जागेचं. कोडच्या मागे कुणीतरी स्पेसबार दाबलेला असतो. तो दिसत नाही, पण =लेन(ए२) लिहिलं की चार अक्षरी कोडची लांबी पाच येते आणि चोर सापडतो. नेहमीची जागा ट्रिमने जाते. वेबपेजवरून किंवा एखाद्या पोर्टलवरून उचललेल्या माहितीत वेगळ्या जातीची जागा असते, जिचा क्रमांक १६०, आणि ट्रिम तिला हात लावत नाही. त्यासाठी:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२, कॅर(१६०), ""))

हे वेगळ्या कॉलममध्ये लावा, आलेली उत्तरं कॉपी करून मूळ कॉलमवर ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा, मग टेक्स्ट टू कॉलम्स.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी बँक खात्याचं सांगतो, कारण तिथे चूक झाली तर पैसे दुसरीकडे जातात. एक्सेल कुठल्याही आकड्यातले पहिले १५ अंकच धरून ठेवतं. सोळावा अंक आणि त्यापुढचे सगळे शून्य होतात, कसलीही सूचना न देता. आधार १२ अंकी, त्यामुळे ते निभावतं. पण काही बँकांचे खातेक्रमांक १५ अंकांहून लांब असतात. तो कॉलम टाइप करण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. एकदा शून्यं पडली की नंतर टेक्स्ट करून ती परत येत नाहीत, पासबुक घेऊन पुन्हा टाइप करावं लागतं. आणखी एक खोड: काउंटइफने खात्यांची दुबार तपासणी करू नका. खाती मजकूर म्हणून ठेवली असली तरी काउंटइफ त्यांना आकडे समजतं आणि पहिले १५ अंक सारखे असलेली दोन वेगळी खाती एकच धरतं.

प्रश्न: हळदीच्या सौद्यात लॉट नंबर रोज १ पासून सुरू होतो. महिन्याच्या शीटमध्ये १७ नंबरचा लॉट वीस वेळा आहे. मी १७ शोधतो तर मला नेहमी पहिल्या तारखेच्या लॉटचाच दर मिळतो. राजापुरीच्या लॉटला सेलमचा दर लागला आणि शेतकऱ्यासमोर पट्टी फाडावी लागली.
(मार्केट यार्ड, सांगली)

उत्तर: व्हीलुकअप वरून खाली जातं, पहिला सापडला की थांबतं. त्याच्या पुढे आणखी एकोणीस आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेव्हा जे एकदाच येतं असं काहीतरी तुम्हाला तयार करून द्यावं लागेल. तुमच्याकडे ते आहेच: तारीख आणि लॉट मिळून. दोन्ही शीटमध्ये सुरुवातीला एक नवा कॉलम घाला आणि लिहा:

=बी२&"-"&सी२

तारखेच्या जागी ४५६५८ असा आकडा दिसला तर घाबरू नका. एक्सेल तारखेला दिवसांच्या मोजणीने ओळखतं, आणि ४५६५८ म्हणजे १ जानेवारी २०२५. दोन्ही शीटमध्ये तसंच दिसलं की झालं. एकीकडे ४५६५८-१७ आणि दुसरीकडे ०१/०१/२०२५-१७ दिसलं, तर दुसऱ्या शीटमधली तारीख खरी तारीख नाही, मजकूर आहे. तीच आधी सुधारा.

मधली आडवी रेघ विसरू नका. इथे तारखेचे पाच अंक ठरलेले म्हणून रेघेशिवायही चालून जाईल, पण हीच युक्ती उद्या तुम्ही गोदाम नंबर आणि थप्पी नंबराला लावाल. मग गोदाम १ थप्पी १२ आणि गोदाम ११ थप्पी २, दोन्ही ११२ होतील.

प्रश्न: मी सेवा सोसायटीचा गटसचिव. कारखान्याकडून ऊस खेपांची यादी येते, त्यात त्यांचा शेतकरी कोड आणि नाव असतं. आमच्याकडे कर्ज खाते नंबर आणि नाव. वसुली लावायला मी नावावरून जुळवणी केली. काही नावं येतच नाहीत आणि दोन सभासदांना भलत्यांचंच टनेज आलं. सूत्रात कुठेही एरर नाही. माझं सूत्र: =व्हीलुकअप(बी२, खेपा!$सी$२:$ई$५०००, ३)
(वाळवा तालुका)

उत्तर: सचिवसाहेब, ज्या ठिकाणी #एन/ए आलं त्याची काळजी करू नका. जिथे एरर न येता टनेज आलंय, ते सगळं आधी संशयित धरा. तुमच्या सूत्रात शेवटचं शून्य नाही. ते गाळलं की एक्सेल ‘जवळपास जुळलं तरी चालेल’ असं गृहीत धरतं, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असंही गृहीत धरतं. तुमची यादी खेपांच्या तारखेने लागलेली. मग ते मध्येच कुठेतरी उडी मारतं, कुणाच्या तरी नावावर उतरतं आणि त्याचं टनेज आणून ठेवतं. एकूण वजनाचा ताळा घेतल्याशिवाय हे कधीच दिसत नाही.

पण शून्य घातलं म्हणून तुमचं काम होणार नाही. खरं दुखणं नावाचं आहे. रोजकीर्दीतून खतावणीत नोंद उतरवताना जुने दिवाणजी प्रत्येक नावापुढे खातेपानाचा आकडा टाकायचे, कारण आपल्याकडे नाव वाचून पान शोधायचं म्हटलं तर अर्ध्या गावाचं आडनाव पाटील आणि बापाचं नावही दोघा-तिघांचं एकच. तुमच्याकडे त्यात लिपीची भर पडते. कारखान्याने ‘पाटील’ लिहिलं आणि तुम्ही ‘पाटिल’, तर जुळणार नाही हे उघड आहे. पण दिसायला अगदी एकच असलेली नावंही आतून वेगळी असू शकतात. ‘कऱ्हाड’ टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. लेन लावून पाहा, एकाची लांबी सहा येईल आणि दुसऱ्याची सात. ‘ॲ’ चंही तसंच, ते एकाच अक्षराने लिहिता येतं किंवा अ वर चंद्र देऊन. आणि तुमचा जुना डेटा युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला असेल तर बोलायलाच नको. पडद्यावर मराठी दिसतं, आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. ती युनिकोडशी कोणत्याच सूत्राने जुळत नाहीत, आधी रूपांतर करून घ्यावं लागतं.

म्हणून नावाचा नाद सोडा. एक तिसरं शीट करा, नाव द्या ‘सांगड’. पहिल्या कॉलममध्ये कारखान्याचा शेतकरी कोड, दुसऱ्यात तुमचा कर्ज खाते नंबर. बस, दोनच कॉलम. हे हाताने करायचं आहे, ऊस नोंदीची पावती आणि सभासद समोर घेऊन. कंटाळवाणं आहे, पण हंगामात एकदाच करायचं. पुढच्या हंगामात फक्त नवीन कोड भरायचे. एका सभासदाचा ऊस मुलाच्या आणि पत्नीच्या नावावर वेगवेगळ्या कोडने नोंदलेला असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हरकत नाही. सांगडीत दोन कोडांसमोर एकच खाते नंबर आला तरी चालतं. कारखान्याचा एक कोड दोनदा मात्र येता कामा नये. =काउंटइफ($ए$२:$ए$९००, ए२) लावा, कुठे १ पेक्षा जास्त आलं तर तिथे थांबा.

आता शोधायची दिशाही बदला. तुम्ही सभासदाच्या ओळीत बसून खेपांमध्ये शोधताय. सभासदाच्या खेपा असतात दहा-वीस, व्हीलुकअप पहिल्याच खेपेचं वजन देईल आणि बाकीचा ऊस वाऱ्यावर. उलटं करा. खेपांच्या शीटमध्ये प्रत्येक खेपेसमोर तिचा खाते नंबर आणा. समजा कारखान्याचा कोड बी कॉलममध्ये, वजन ई मध्ये आणि एफ रिकामा आहे:

=व्हीलुकअप(बी२, सांगड!$ए$२:$बी$९००, २, ०)

मग सभासदांच्या शीटमध्ये बेरीज:

=समइफ(खेपा!$एफ$२:$एफ$५०००, ए२, खेपा!$ई$२:$ई$५०००)

खेपांच्या शीटमध्ये काही ओळींना #एन/ए येईल. यायलाच हवं, ते शेतकरी तुमच्या सोसायटीचे नाहीत, किंवा तुम्ही सांगड भरायला विसरलात. त्यांचं टनेज किती ते समइफलाच विचारता येतं, मधल्या जागी "#एन/ए" असं अवतरणात लिहून (इंग्रजी अक्षरांत, तिरक्या रेघेसह). आता ताळा: सभासदांच्या टनेजची बेरीज अधिक हे #एन/ए चं टनेज, बरोबर कारखान्याच्या यादीचं एकूण टनेज. किलोचाही फरक आला तर वसुली लावू नका. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असतं. त्यामुळे कारखाना तुम्हाला वसुलीच्या यादीसाठी घाई करणार हे मला माहीत आहे. त्या घाईत भलत्याच्या बिलातून कर्ज कापलं, तर रात्री नऊ वाजता तो तुमच्या दारात उभा असतो, कारखान्याच्या नाही.

प्रश्न: आमचं गावात दूध संकलन केंद्र आहे. संघाचा दर तक्ता कागदावर आला, उभा फॅट आणि आडवा एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). तो मी शीटमध्ये उतरवला. फॅट आणि एसएनएफ टाकलं की दर आपोआप यावा. व्हीलुकअपला फॅट सांगता येतो, एसएनएफचा कॉलम कसा सांगू?
(शिराळा तालुका)

उत्तर: दोन बाजूंनी शोधायचं असलं की इंडेक्स आणि मॅच ही जोडी वापरा. मॅच सांगतं कितव्या ओळीत आणि कितव्या कॉलममध्ये, इंडेक्स त्या छेदावरचा आकडा उचलतं. तुमच्या तक्त्यात फॅट ए२ पासून खाली, एसएनएफ बी१ पासून उजवीकडे आणि दर मध्ये असतील तर:

=इंडेक्स(दर!$बी$२:$झेड$४०, मॅच(राऊंड(सी२,१), दर!$ए$२:$ए$४०, ०), मॅच(राऊंड(डी२,१), दर!$बी$१:$झेड$१, ०))

यातला राऊंड शोभेचा नाही. फॅटचा कॉलम तुम्ही ३.०, मग =ए२+०.१ करून खाली ओढला असेल. संगणक ०.१ हा आकडा आत अगदी काटेकोर साठवू शकत नाही, अतिसूक्ष्म फरक राहतो, आणि बेरजा होत होत तो साठत जातो. पडद्यावर ३.६ दिसतं, आत ३.६ च्या केसभर इकडे तिकडे काहीतरी असतं, आणि तंतोतंत शोधणाऱ्या मॅचला ते चालत नाही. म्हणून तक्त्याचा कॉलमही =राऊंड(ए२+०.१, १) असा करा, किंवा सरळ आकडे टाइप करा. चाळीस ओळी टाइप करायला किती वेळ लागतो?

आता एक गोष्ट जी सूत्राची नाही. मशीनवर एसएनएफ ८.४७ आला तर ८.५ धरायचा की ८.४? गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे नेमक्या त्याच पायरीवर शेतकऱ्याचा रुपया अडकतो. राऊंड ८.५ धरेल, राऊंडडाऊन ८.४. राऊंड काढून मॅचच्या शेवटी शून्याऐवजी १ लिहिणारेही पाहिलेत. तसं केलं की नेहमी खालचीच पायरी मिळते, म्हणजे ८.४. संघाच्या परिपत्रकात जे असेल तेच सूत्रात घाला, आणि केंद्राच्या भिंतीवर लिहून लावा.

तक्त्याबाहेरचा फॅट आला की #एन/ए येईल. त्याला इफएररने शून्य करू नका, मी हे हात जोडून सांगतो. शून्य केलं तर त्या शेतकऱ्याचं त्या वेळचं दूध फुकट जमा होतं आणि दहा दिवसांच्या बिलात ते कुणाच्या नजरेला येत नाही. #एन/ए आलं तर नमुना पुन्हा तपासा. ते अक्षर डोळ्याला खुपत असेल तर इफएनए वापरा आणि उत्तरात "दर नाही" लिहा. इफएनए फक्त न सापडल्याचं झाकतं, इफएरर तुमच्या सूत्रातली टायपिंगची चूकही झाकतं. इफएनए एक्सेल २०१३ पासून आहे.

प्रश्न: सगळे म्हणतात शेवटी नेहमी शून्य लिहा. मग ते १ ठेवलंय कशाला? मुलांच्या श्रेणी काढताना मी लांबलचक इफ इफ इफ लिहिते.
(शिक्षिका, जत)

उत्तर: बाई, ते १ तुमच्यासाठीच ठेवलंय. जिथे पायऱ्या असतात तिथे जवळपासची जुळणीच हवी. दोन कॉलम करा. डावीकडे त्या श्रेणीचे कमीत कमी गुण, चढत्या क्रमाने: ०, २१, ३३, ४१, ५१, ६१, ७१, ८१, ९१. उजवीकडे इ-२, इ-१, ड, क-२, क-१, ब-२, ब-१, अ-२, अ-१. मग =व्हीलुकअप(सी२, $एच$२:$आय$१०, २, १). ६८ ला ब-२ मिळेल, कारण ६८ च्या खालची जवळची पायरी ६१. क्रम मात्र चढताच हवा. आणि सरासरी काढून ९०.५ आले असतील तर उत्तर अ-२ येईल. आधी राऊंड करायचं की नाही हे मुख्याध्यापकांना विचारा.

प्रश्न: आमच्या क्लासमध्ये सांगितलं की व्हीलुकअप आता जुनं झालं, मुलाखतीत एक्सलुकअपच विचारतात. मग जुनं शिकायचं की नाही?
(विश्रामबाग, सांगली)

उत्तर: व्हीलुकअप १९८५ साली मॅकिंटॉशवर आलेल्या पहिल्या एक्सेलपासून आहे. चाळीस वर्षांच्या फायली त्याच्यावर उभ्या आहेत, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी तुझ्या हातात त्यातलीच एक पडणार. तेव्हा दोन्ही शीक.

एक्सलुकअप मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केलं. व्हीलुकअपच्या तीन खोडी त्याने काढल्या. पहिली, शोधायचा कोड तक्त्याच्या सगळ्यात डाव्या कॉलममध्येच असावा लागतो. दुसरी, ‘कितवा कॉलम’ हा आकडा सूत्रात कोरलेला असतो, कुणी मध्ये एक नवा कॉलम घातला की तिसरा चौथा होतो आणि तुम्हाला गावाच्या जागी तालुका मिळतो. तिसरी, शेवटचं काही लिहिलं नाही तर जवळपासची जुळणी. एक्सलुकअपमध्ये काही न लिहिलं तर तंतोतंतच:

=एक्सलुकअप(बी२, शेतकरी!$ए$२:$ए$६५०, शेतकरी!$डी$२:$डी$६५०, "सापडला नाही")

शोधायचा कॉलम वेगळा, उत्तराचा वेगळा, न सापडल्यास काय लिहायचं तेही आत. सहाव्या जागी -१ लिहिलं की खालून वर शोधतं, म्हणजे एखाद्या गिऱ्हाइकाचा शेवटचा दर हवा असेल तर फार उपयोगी. पण हे मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ पासून पुढे चालतं. एक्सेल २०१६ किंवा २०१९ असलेल्या दुकानात ती फाइल उघडून सूत्राला हात लावला की #नेम? दिसतं. गूगल शीट्समध्ये ते आहे, आणि फुकटच्या लिब्रेऑफिसमध्ये २४.८ आवृत्तीपासून आलं. तुझी फाइल कुणाच्या मशीनवर उघडणार आहे हे माहीत नसेल तर इंडेक्स-मॅच लिही. ते सगळीकडे चालतं, डावीकडेही शोधतं आणि मध्ये कॉलम घातल्याने बिघडत नाही.

थोडक्यात

कडेगाव: #आरईएफ! येतंय, कारण तुमचा तक्ता ए ते सी असा तीनच कॉलमचा आहे आणि तुम्ही चौथा मागताय. तक्ता डी पर्यंत वाढवा.

आटपाडी: कोड देवनागरी आकड्यांत आणि दुसऱ्या शीटमध्ये इंग्रजी आकड्यांत असेल तर जुळेल असं धरू नका. नाव मराठीत ठेवा, कोड इंग्रजी आकड्यांत.

मिरज: हो, कोड नसून शब्द शोधत असाल तर अर्धवट नावानेही शोधता येतं, "*"&बी२&"*" असं लिहून. पण पहिलं जे सापडेल तेच मिळतं. पैशाच्या कामाला वापरू नका.

पलूस: फाइल पाठवली तर पाहीन. खातेक्रमांक, आधार आणि मोबाइलचे कॉलम काढून टाका, नावांच्या जागी क, ख, ग लिहा. दहा ओळी पुरतात, पण त्यात दोन जुळणाऱ्या आणि दोन न जुळणाऱ्या असू द्या.